थर्मल गनवर ‘९७’ आलं म्हणजे ताप नाही, असं समजू नका. कपाळाचा ताप नीट कसा मोजायचा?

कर्जत / खालापूर : कोरोना गेला, पण त्या काळात गावोगाव आलेली थर्मल गन काही गेली नाही. कुठे ग्रामपंचायतीच्या कपाटात, कुठे मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, कुठे अंगणवाडीत, कुठे कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये ती पडलेली असते. पाऊस सुरू झाला, घराघरांत कणकण, अंगदुखी सुरू झाली की तिचे सेल बदलतात आणि ती पुन्हा कामाला लागते. कपाळासमोर धरली, बटण दाबलं, टुक् वाजलं, ९७.२ आलं. “ताप नाही, जा आत.”

घोटाळा इथेच होतो. ते मशीन खोटं नसतं, पण आपण त्याला जे विचारतो ते त्याला माहीतच नसतं. आपण विचारतो, ताप आहे का? ते सांगतं, या क्षणाला या माणसाच्या कपाळाची कातडी किती गरम आहे. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि भातलावणीच्या दिवसांत हिवताप, डेंगी, लेप्टो तिन्ही आजूबाजूला असताना तो फरक महागात पडू शकतो.

गन नेमकं काय मोजते

जगातली प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. त्यांना इन्फ्रारेड किंवा अवरक्त किरण म्हणतात. चुलीतल्या निखाऱ्यासमोर हात धरला की न शिवताही धग लागते, ती यांचीच. थर्मल गनच्या तोंडाशी एक छोटी काच असते आणि मागे सेन्सर. कपाळातून येणारी ही धग सेन्सर पकडतो आणि तिचा आकडा करतो.

म्हणजे गन कपाळावर काही सोडत नाही, कपाळाकडून घेते. २०२० मध्ये व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला होता की ही बंदूक कपाळाला लावली की मेंदूला इजा होते. तेव्हापासून बरेच लोक मनगट पुढे करायला लागले, आणि अजूनही करतात. त्या मेसेजमध्ये काही तथ्य नव्हतं. कारखान्यात मोटार, बॉयलर तपासायच्या काही गनमध्ये नेम धरायला लाल लेझर ठिपका असतो, तो मात्र डोळ्यात जाऊ देऊ नये. पण तसली गन माणसांना लावायचीच नाही. तिचा दोन-दोन अंश फरक मशीनला चालतो, माणसाला चालत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. निरोगी माणसाच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं तर साधारण ९८.६ फॅरेनहाइट येतं. पण त्याच माणसाच्या कपाळाची कातडी मोजली तर ती ९२ ते ९५ च्या आसपास भरते, कारण कातडीला सारखी हवा लागते. मग गनवर ९८ कसं दिसतं? तर आतला हिशेब कपाळाच्या आकड्यात काही अंश मिळवून ‘तोंडात मोजलं असतं तर किती आलं असतं’ हे दाखवतो. तो हिशेब कपाळासाठी बसवलेला आहे. मनगट, हाताचा तळवा, गाल यांच्यासाठी नाही. म्हणून मनगटावर घेतलेला आकडा वहीत लिहू नका.

‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ची गडबड

बहुतेक गनमध्ये दोन मोड असतात. एक बॉडी, म्हणजे माणसासाठी. दुसरा सरफेस, म्हणजे वस्तूसाठी, दुधाची बाटली किंवा आंघोळीचं पाणी बघायला. बटण चुकून दाबलं गेलं की मोड बदलतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कोरोनाच्या काळात कित्येक रजिस्टरांत पानंच्या पानं ९३, ९४ अशी भरलेली होती. माणसाच्या शरीराचं तापमान खरोखर ९५ च्या खाली गेलं तर ती तातडीने दवाखान्यात न्यायची अवस्था असते. रजिस्टरातली माणसं तर चालत आली होती आणि चहा पिऊन कामावर गेली होती! गन वस्तूच्या मोडवर होती, नाहीतर लांबून धरली होती, दुसरं काही नाही.

तेव्हा सुरुवात करण्याआधी स्क्रीनवर माणसाचं चित्र किंवा बॉडी हा शब्द आहे का बघा. एकामागून एक चार धडधाकट माणसं ९५ च्या खाली यायला लागली तर थांबा आणि मशीन तपासा. सेल्सिअस आणि फॅरेनहाइट यांचाही गोंधळ होतो. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, ३९ म्हणजे १०२.२, आणि ४० म्हणजे १०४. हे तीन आकडे गनच्या मुठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवले तरी पुष्कळ.

आपल्याकडची हवा या मशीनला मानवत नाही

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, अशा थर्मामीटरच्या वापरासाठी हवेची मर्यादा सांगितली आहे : तापमान १६ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणि हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली. शिवाय जागा थेट उन्हाची, वाऱ्याची किंवा गरम वस्तूजवळची नको. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा याहून कडक असते, ३५ अंशांपर्यंतच.

हे वाचून कर्जतकराला हसू येईल. एप्रिल-मेमध्ये इथे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. जुलैत पहाटेची हवा अशी की वाळत घातलेला कपडा तीन दिवस ओलाच. म्हणजे वर्षातले बरेच दिवस उघड्यावर उभं राहून मोजलं तर आपण मशीनच्या मर्यादेबाहेर किंवा अगदी काठावर असतो. मशीन तरीही आकडा दाखवतं. ‘मला जमत नाही’ असं ते बहुतेक वेळा सांगत नाही.

यावर उपाय साधा आहे. गेटवर मोजू नका, आत मोजा. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिराची खोली, कारखान्यात शेडची सावलीची बाजू. पंखा थेट डोक्यावर नको. येणाऱ्या माणसाला आधी बसवा. वीटभट्टीवरून किंवा शेतातून उन्हात आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, आकडा फुगतो. मोटारसायकलवरून वारा खात आलेल्याचं किंवा लोकलच्या दारात उभं राहून आलेल्याचं कपाळ गार असतं, आकडा पडतो. हेल्मेट काढलं की लगेच मोजलं तर पुन्हा उलटं. पंधरा मिनिटं बसू द्या, उन्हातून आला असेल तर अर्धा तास.

बसवायचं फक्त माणसाला नाही, मशीनलाही. आशाताई सकाळी निघतात, गन पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत, डिकी उन्हात. वाडीवर पोचून लगेच मोजलं की आकडे भलतेच. गनचा सेन्सर स्वतःचं तापमान धरून हिशेब करतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या हवेशी जुळायला हवा. जिथे मोजायचं तिथे ती दहा ते तीस मिनिटं बाहेर काढून ठेवली की काम होतं.

धरायची कशी

कपाळ उघडं आणि कोरडं पाहिजे. पदर, टोपी, रुमाल, केस मागे करा. गंध, भस्म, टिकली यांवर नेम धरू नका, बाजूच्या मोकळ्या कातडीवर धरा. घाम असेल तर कोरड्या कापडाने टिपून घ्या आणि दोन-चार मिनिटं जाऊ द्या. घाम उडताना कातडी गार करतो, माठातल्या पाण्यासारखंच ते. ओल्या कपाळावर खरा ताप लपून जातो. पावसात भिजून आलेल्या पोरांचं तर विचारूच नका, आधी डोकं पुसा, मग बाकीचं.

गन कपाळाच्या मध्यावर, सरळ समोर, काटकोनात धरा. तिरकी नको. अंतर कंपनीप्रमाणे बदलतं, पण बहुतेकांत तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन ते तीन बोटं. हे अंतर लोक सगळ्यात जास्त चुकवतात. हातभर लांबून धरली की गन नुसतं कपाळ बघत नाही. टॉर्चचा उजेड जसा लांब जाईल तसा पसरतो, तसं तिचं बघण्याचं वर्तुळ पसरतं आणि त्यात केस, भुवया, मागची भिंत सगळं येतं. बटण दाबून टुक् होईपर्यंत दोघांनीही हलायचं नाही.

एका आकड्यावर विसंबू नका. शंका असेल तिथे तीनदा घ्या, मध्ये थोडा वेळ सोडून. तीनही आकडे एकमेकांजवळ असतील तर ठीक. ९६, ९९, ९७ असे उड्या मारत असतील तर हात हलतोय, काच घाण आहे किंवा सेल उतरलेत.

हुडहुडी भरली असेल तर गन फसते

या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ताप चढत असतो तेव्हा शरीर आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. म्हणून थंडी वाजते, दात वाजतात, हातपाय गार पडतात, माणूस दोन गोधड्या मागतो. आतून पारा चढत असतो आणि बाहेरून कातडी गार असते. नेमकं तेव्हा कपाळाला गन लावली तर कमी आकडा येऊ शकतो. आपल्या भाषेत मलेरियाला हिवतापच म्हणतात, ‘हिव’ आधी आणि ताप मागून. गनला त्यातलं हिव तेवढं दिसतं.

पुढे ताप उतरायला लागला की दरदरून घाम येतो, तेव्हाही कपाळ गार. मलेरियाच्या एका प्रकारात एकाआड एक दिवस ताप येतो. मधल्या दिवशी माणूस चांगला हिंडतो-फिरतो. त्या दिवशी गन ९८ दाखवेल आणि ते बरोबरही असेल, पण मलेरिया अंगात तसाच असतो.

डेंगीचं आणखी वेगळं. त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप उतरतो आणि घरचे म्हणतात, सुटलो. काही रुग्णांची खरी धोक्याची वेळ तिथून सुरू होते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पेशंट सुस्त पडणं, हातपाय गार आणि ओलसर लागणं, यातलं काहीही दिसलं तर गन बाजूला ठेवा आणि गाडी बघा. अशा पेशंटचं कपाळ गारच लागणार, गन ‘नॉर्मल’च सांगणार.

आणि गोळी. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन कामावर आलेल्या माणसाचा आकडा गेटवर सरळ येतो. एक दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून लोक गोळी घेऊनच येतात, त्यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण मोजणाऱ्याने विचारलं पाहिजे.

म्हणून आधी विचारा, मग मोजा

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक दारोदार फिरले. त्यांच्या हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर होता, पण ते नुसतं मशीन लावून पुढे जात नव्हते. खोकला, दम, मधुमेह, रक्तदाब असे प्रश्न विचारून लिहून घेत होते. गेटवरच्या तपासणीत पुढे प्रश्न गळाले आणि टुक् तेवढं राहिलं.

शाळेत, आश्रमशाळेत किंवा कामाच्या ठिकाणी चार प्रश्न पुरेत. काल-परवापासून अंग गरम वाटलं का? थंडी वाजून आली का? आज तापाची गोळी घेतली का? घरात किंवा शेजारी कोणाला ताप आहे का? यातलं एकही उत्तर ‘हो’ आलं तर गनवर ९७ असो नाहीतर ९८, त्या माणसाला बाजूला घ्या आणि काखेत डिजिटल थर्मामीटर लावा. टोक काखेच्या मधोमध, काख कोरडी, हात अंगाला दाबून, बीप वाजेपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो, हे लक्षात असू द्या. जुनं पाऱ्याचं थर्मामीटर घरात असेल तर ते मुलांच्या हाती देऊ नका. फुटलं तर पारा हाताने गोळा करू नका आणि झाडूने झाडूही नका.

गनवर १००.४ किंवा वर आलं तर ताप समजा आणि थर्मामीटरने खात्री करा. ९९.५ ते १००.३ मध्ये असेल तर सावलीत बसवून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. शाळेत एक युक्ती उपयोगी पडते : एकाच व्हरांड्यात, एकाच वेळी पन्नास पोरं मोजली आणि बाकी सगळी ९७ च्या घरात असताना एकाच पोराचं ९९.३ आलं, तर ते पोर तापाच्या रेषेखाली असलं तरी वेगळं आहे. त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्या दिवशी आकड्यापेक्षा रांगेतला फरक जास्त बोलतो.

सापडलेल्या मुलाचं नाव सगळ्यांसमोर ओरडू नका आणि त्याला एकट्याला घरी पाठवू नका. डोंगरातल्या वाडीची वाट तासाभराची, पाऊस, मध्ये ओढा. पालकांना फोन करा, नाहीतर कोणाला तरी सोबत द्या.

न्यायचं कुठे

एक दिवसाच्या वर ताप राहिला किंवा थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्या. आशाताईंकडे मलेरियाची झटपट तपासणीची पट्टी असते का, आधी विचारा. नेरळ, कळंब, लोहोप, वावोशी अशा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाता येतं. मोठं काही असेल तर कशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, आणि कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशासाठी थांबू नका. रात्री-अपरात्री गाडी नसेल तर १०८.

गाळात उतरून लावणी केली असेल आणि ताप आला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल झाले असतील तर तेही. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो होतो आणि पायाला चीर-भेग असेल तर धोका जास्त. डेंगीची शंका असताना अंगदुखीसाठी टपरीवरून, मेडिकलमधून मनाने ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. इतक्या लहान बाळाचा ताप गनवर ठरवू नका.

मशीन सांभाळायचं कसं

नवीन घेत असाल तर खोक्यावर ते माणसाचा ताप मोजण्यासाठीचं, वैद्यकीय वापराचं आहे असं लिहिलेलं बघा. अचूकता साधारण अर्धा अंश फॅरेनहाइट, म्हणजे ०.२ ते ०.३ सेल्सिअस, इतकी दिलेली असावी. हार्डवेअरच्या दुकानातली गन स्वस्त मिळते, ती भट्टी आणि मोटारीसाठी ठेवा.

काचेवर धूळ किंवा बोटाचा ठसा असला की आकडा कमी येतो. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून काच हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मगच वापरा. साडीच्या पदराने किंवा शर्टाच्या टोकाने घासू नका, काचेवर चरे पडतात. महिन्यातून एकदा आपल्याच दोन-तीन निरोगी माणसांवर गन आणि डिजिटल थर्मामीटर दोन्ही लावून बघा. दोघांत दर वेळी एक-दीड अंशाचा फरक येत असेल तर ती गन वहीत आकडे लिहायच्या कामाची नाही.

दिवाळीनंतर तापाची साथ ओसरली की सेल काढून ठेवा. पुढच्या जूनपर्यंत आत राहिलेले सेल पाझरतात, हिरवा थर धरतो, आणि पहिल्याच पावसात मशीन बंद सापडतं.